जिथे हिंगही वर्ज्य

तैपेई, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी

पुण्याहून एक ओळखीचं कुटुंब पुढच्या महिन्यात इकडे यायचं आहे. परवा त्यांचा फोन आला. विमानाची, हॉटेलची चौकशी दोन मिनिटांत उरकली आणि मग खरा प्रश्न आला, "आम्ही शाकाहारी. तिथे खायचं काय? दशम्या, मेतकूट, उपम्याची पाकिटं किती बांधून आणू?" मी सांगितलं, पाकिटं आणू नका, एक अक्षर ओळखायला शिका. त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

त्या अक्षराचा उच्चार 'सू'. वर तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी रेघ आणि खाली पीळ दिलेल्या धाग्याची आकृती. धागा उगीच नाही. 'सू' म्हणजे मुळात न रंगवलेलं, कोरं रेशीम. त्यावरून साधं, आणि त्यावरून मांस नसलेलं जेवण. ही पाटी तैपेईत गल्लोगल्ली दिसते. पुष्कळदा तिच्या शेजारी स्वस्तिक असतं, आपलं स्वस्तिक आरशात दिसावं तसं, उलट्या अंगानं वळलेलं. बौद्ध परंपरेतली ही खूण इथे खाणावळींच्या पाट्यांवर आणि टोफूच्या पाकिटांवरही भेटते. परक्या लिपीच्या गर्दीत ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मला अगदी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

'सू'च्या विरुद्ध शब्द 'हुन'. आज त्याचा अर्थ सामिष. पण या अक्षराच्या माथ्यावर गवताची खूण आहे, कारण त्याचा जुना अर्थ होता उग्र वासाच्या भाज्या. म्हणजे कांदा-लसणाचा प्रश्न या भाषेत मांसाच्याही आधी आला! कडक 'सू' पाळणारे पाच गोष्टी वर्ज्य मानतात : कांदा आणि त्याची पात, लसूण, लसणीच्या वासाची एक चपटी पात, लहान कांद्यासारखा एक कंद, आणि पाचवा हिंग. हो, आपला फोडणीतला हिंग. त्याचं इथलं नाव 'शिंगछू', आणि ते संस्कृत 'हिंगू'वरूनच आलं आहे. शूरंगम सूत्रात सांगितलंय की हे पदार्थ शिजवून खाल्ले तर वासना वाढते आणि कच्चे खाल्ले तर राग. आपल्याकडे कांदा-लसूण टाळणाऱ्या घरात हिंगच उणीव भरून काढतो. एकाच देशातून निघालेल्या विचारानं इथे मात्र त्यालाच पंक्तीतून उठवलं. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरात मी वाढलो, म्हणून मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आता प्रत्यक्ष जेवणाकडे वळतो. रोजच्या, साध्या जेवणासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे 'सू' पाटीची स्वतः वाढून घ्यायची खाणावळ. ना मेनूकार्ड, ना भाषेची अडचण. दारात कागदी डबा उचलायचा, हातात चिमटा घ्यायचा आणि तीस-चाळीस पदार्थांच्या रांगेतून फिरायचं. रताळ्याच्या पाल्याची भाजी, घोसाळं, पांढरंशुभ्र कारलं, कोहळा, बांबूचे कोंब, कानाच्या पाळीसारखी काळी अळंबी, आल्यात परतलेला कोबी. आणि सोयाबीनची अगणित रूपं : मऊ टोफू, तळलेला टोफू, धुरावलेला टोफू, उकळत्या सोया दुधावरची साय काढून वाळवलेल्या घड्या. ही साय रस्सा पिऊन फुगते, आणि दाताखाली आली की रस तोंडभर होतो. मला विचाराल तर अख्ख्या रांगेत तिच्याइतकं चवदार काही नाही. शेवटी डबा काट्यावर ठेवायचा, वजनावर पैसे. टोफू आणि भोपळा जड, पालेभाजी हलकी, हे दोन दिवसांत हाताला कळतं. भाताचे पैसे वेगळे, कोपऱ्यातल्या पिंपातलं सूप बहुधा फुकट. भरपेट जेवण साधारण 100 ते 130 तैवानी डॉलरमध्ये होतं, म्हणजे आपले 300 रुपये किंवा थोडे वर. वेळ मात्र पाळा. दुपारी साडेअकराला जाल तर सगळं ताजं, दीडला गेलात तर तळाशी उरलेलं, आणि रात्री साडेसातनंतर बऱ्याच ठिकाणी खुर्च्या टेबलांवर चढलेल्या असतात. पुण्या-मुंबईच्या सवयीनं नऊला जेवायला निघालात तर उपास घडेल.

रांगेत हॅम, मासा, कोंबडीसारखे दिसणारे तुकडेही असतील. दचकू नका. सोयापासून आणि गव्हाच्या चिकट सत्त्वापासून असे पदार्थ करणं ही मठांच्या स्वयंपाकाची जुनी कला आहे. सहाव्या शतकात ल्यांग घराण्याच्या वू सम्राटानं भिक्षूंना मांस वर्ज्य करायला लावलं आणि तिथून या पाककलेला बळ मिळालं. त्यात कधी कधी अंड्याचा पांढरा भाग असतो, तेवढं विचारून घ्या. दुकानातल्या पाकिटांचं काम सोपं आहे. 2009 पासून 'सू' म्हणवणाऱ्या पाकीटबंद पदार्थावर पाचांपैकी एक प्रकार छापावाच लागतो : निव्वळ वनस्पतिजन्य, अंडं असलेला, दूध असलेला, अंडं-दूध दोन्ही असलेला, आणि कांदा-लसूण वर्गातलं काही असलेला. आपल्या हिरव्या ठिपक्यापेक्षा ही व्यवस्था मला जास्त प्रामाणिक वाटते.

फसगत होते ती 'सू' पाटी नसलेल्या ठिकाणी. पहिल्याच आठवड्यात एका नूडलवाल्याकडे मी फक्त उकडलेली पालेभाजी मागितली. हिरवीगार भाजी आली आणि तिच्यावर पळीभर डुकराच्या खिम्याचा रस्सा. त्यानं वाईट काही केलं नव्हतं, ती इथली नेहमीची पद्धत आहे. 'मांस नको' म्हटलं तरी रश्श्यातली हाडं किंवा भातावर भुरभुरलेला मांसाचा भुगा लोकांना मांस वाटत नाही. सकाळच्या खारट सोया दुधात सुकी कोळंबी असते, गोड सोया दूध मागा. राओहच्या रात्रबाजारात वासाचा टोफू खायचा असेल तर तिथेही 'सू' शोधा, कारण आंबवण्याच्या पाण्यातच कोळंबी असू शकते. रताळ्याचे तळलेले पोकळ गोळे आणि आल्याच्या पाकातलं मऊ टोफूचं 'दोउह्वा' मात्र निर्धास्त खा.

जागा शोधायची खरी युक्ती पंचांगात आणि देवळात आहे. चांद्रमासाची पहिली आणि पंधरावी तिथी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, एरवी सगळं खाणारे कितीतरी लोक 'सू' जेवतात. कुणी फक्त सकाळची न्याहारी 'सू' करतो, कुणी आईचं आजारपण बरं व्हावं म्हणून नवस बोलतो. काल पौर्णिमा होती. 1738 साली फूच्येनहून आलेल्या लोकांनी उभारलेल्या लुंगशान मंदिराजवळच्या खाणावळीत दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. या खाणावळी चालवणाऱ्यांत ईग्वानदाव पंथाचे लोक पुष्कळ. 1987 पर्यंत त्या पंथावर सरकारी बंदी होती. भिक्षुणी चंग येन यांनी 1966 मध्ये ह्वालिएनला सुरू केलेल्या त्झू ची संस्थेचे स्वयंसेवकही 'सू' पाळतात. तरुण मुलं आता 'सू'ऐवजी 'शूशी' म्हणजे भाजीचं जेवण असा शब्द वापरतात, त्याला देवळाचा वास नाही.

मला या देशाबद्दल सांगायचं आहे ते हेच. इथे शाकाहार कुणाच्या आडनावावरून ठरत नाही. तो माणसानं धरलेला नेम असतो, आज धरला, उद्या सोडला. म्हणून एकाच टेबलावर एक जण डुकराचं खातो, दुसरा त्याच हंडीतल्या फक्त भाज्या उचलतो. यालाही नाव आहे, 'हंडीच्या काठचा सू'. कुणी कुणाला कमी लेखत नाही.

काल त्या गर्दीत काट्यावर बसलेल्या आजींनी मला विचारलं, "तुझा नेम किती दिवसांचा?" मी म्हणालो, जन्मापासूनचा. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "ताइली सू!" त्या शेजारणीला म्हणाल्या. म्हणजे पोटात असल्यापासूनचा सू. इथे ते मागच्या जन्मीचं पुण्य समजतात. मी सांगायचा प्रयत्न केला की आमच्या घरात तसाच स्वयंपाक व्हायचा, यात माझे कष्ट काही नाहीत. त्यांनी ऐकलं नाही. वजन करून झालेल्या माझ्या डब्यात सायीच्या दोन घड्या वरून ठेवल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.