परत आलेला कोयता, मिटणारा चाकू

भाताच्या राबासाठी फांद्यांची कवळ तोडण्याचे दिवस संपले, की कर्जत-खालापूर तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांवरून कोयते लोहाराकडे परत येतात. लोहार कोयता हातात घेतो, धारेवरून अंगठा आडवा फिरवतो आणि मालकाने तोंड उघडण्याआधीच त्याला दुखणे कळलेले असते. धारेचे दाते उडाले असतील, तर पात्याला विझवून दिलेले पाणी जास्त झाले. धार दुमडली असेल, तर पाणी कमी पडले. मग भाता चालू होतो, पाते तापते, ऐरणीवर शेवटले जाते आणि या वेळी पाणी देताना हात थोडा वेगळा चालतो. गिऱ्हाईक शेजारच्याच पाड्यातले असते, त्यामुळे आपली चूक लोहाराला पुन्हा भेटतेच. त्याचे निम्मे शिक्षण या भेटींतून होते.

कोयता अशी चूक पोटात घालतो. तापवला, ठोकला, पुन्हा पाणी दिले, की तो शेताला चालतो. खिशात मावणारा मिटता चाकू हाताने घडवायला बसलेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही. पाते, पाठीची स्प्रिंग, दोन बाजूंचे पत्रे, मुठीचे लाकूड आणि दोन-तीन रिबिटा एवढाच त्याचा संसार. पण यातला प्रत्येक भाग दुसऱ्याला घासून चालतो. एकात केसभर फरक पडला, तर तो तिसऱ्यातच दिसतो.

मराठी घराला मिटते पाते नवे नाही. काम झाले की पाटावर आडवी होणारी विळी अजून कित्येक स्वयंपाकघरांत आहे, आणि तिचा खिळा सैल झाला की पाते कसे डुलते, हे घरातल्या बाईला सांगावे लागत नाही. अडकित्त्याचेही तसेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. पाहणारा नक्षीत रमतो, पण कारागिराची खरी कसोटी दोन पाती जोडणाऱ्या त्या एका खिळ्यात असते.

चाकू करणाऱ्याची पहिली चूक बहुधा भट्टी पेटण्याआधीच झालेली असते. हाताशी बांधकामाची सळई असते, ती ठोकून पाते छान निघते, चकाकतेही. पण सळईत कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आसपास. कितीही पाणी पाजा, तिला धार धरत नाही. मालट्रकच्या मोडक्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून गावोगावचे लोहार भंगारातला पाटा आवडीने घेतात. बोरघाटाच्या पायथ्याला, खोपोलीसारख्या गॅरेजांच्या गावात, तो मिळवायला फार हिंडावे लागत नाही. पारख ग्राइंडरवर होते: सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, चांगल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

याच खोपोलीत १९६०च्या दशकात महिंद्रा युजीनचा मिश्रपोलादाचा कारखाना उभा राहिला. तिथे तापमान मोजायला उपकरणे असतात, पोलादाचे घटक प्रयोगशाळेत तपासले जातात. पाड्यावरच्या भट्टीत हेच काम डोळा करतो, आणि डोळा फसतो. भर उन्हात तापलेले पाते आहे त्यापेक्षा कमी लाल दिसते. माणूस भाता मारत राहतो, पोलाद गरजेपेक्षा जास्त तापते, आतले कण मोठे होतात आणि पाते ठिसूळ होते. म्हणून लोहाराची जागा सावलीची, काळोखी असते. नवख्याला लोहचुंबकाचा आधार आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटायचे थांबते. तिथून थोडे पुढे नेले, की पाते विझवायची वेळ झाली.

विझवायचे कशात? ‘पाणी देणे’ या शब्दावर विसंबून नवखा बादली पुढे ओढतो. पाट्याचे पातळ पाते पाण्यात गेले, की बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो, आणि तो ऐकला की दिवसभराची मेहनत संपली असे समजावे. धारेपासून पाठीकडे चीर गेलेली असते. असल्या पोलादाला कोमट तेल मानवते. धार आधीच कागदासारखी घासून ठेवली असेल, तर तेलातही पाते वाकते. विझवण्यापूर्वी तिथे मिलिमीटरभर जाडी राखावी लागते. रिबिटाचे भोक आणि नखाची खाच मात्र आधीच करून घ्यायची, कारण नंतर त्या पोलादावर ड्रिल चालत नाही. कानसही काचेवरून घसरावी तशी घसरते.

एवढे कडक पाते टेबलावरून पडले तरी मोडेल. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. घासून उजळलेल्या पोलादावर रंग चढत जातात: वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पात्याला पिवळ्यावर थांबवायचे. स्प्रिंगला तीनशे अंशांजवळच्या निळ्यापर्यंत न्यायचे. पोलाद एकाच पाट्यातले असले तरी एकाने धार धरायची आणि दुसऱ्याने रोज वाकून सरळ व्हायचे आहे. पात्याचाच पिवळा स्प्रिंगला दिला, तर ती पहिल्या दहा-वीस उघडझापीतच मोडते. उलट शेवटची धार ग्राइंडरवर लावताना हात रेंगाळला आणि कडेला निळा डाग उमटला, तर तिथले पाणी उतरले.

सगळ्यात जास्त पाती वाया जातात ती पात्याच्या बुडख्याशी. चाकू उघडा असो की मिटलेला, स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट बसायला हवी. ती बुडख्याच्या दोन कडांवर टेकते, आणि त्या कडा पाते विझवण्याआधीच कानशीने घासून जुळवाव्या लागतात. चाकू मिटल्यावर स्प्रिंग वर राहिली म्हणून एक कड घासली, पुन्हा घासली, आता बरोबर वाटली म्हणून आणखी दोन हात मारले. आता स्प्रिंग खाली गेली. घासून गेलेले पोलाद परत लावता येत नाही. इथे काजळी कामाला येते. बुडखा दिव्यावर काळा करायचा, तात्पुरती रिबिट घालून चाकू एकदा मिटायचा, उघडायचा आणि सोडवून पाहायचा. जिथे काळे पुसले तिथेच घासायचे, तेही दोन-तीन हात. आधी पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची प्रतिकृती करून घेतली, तर पुढची पुष्कळ रडारड वाचते.

रिबिट ठोकतानाही शेवटच्या घावाचा मोह आवरावा लागतो. एक घाव जास्त पडला, की पाते जागच्या जागी आवळते. पाते आणि पत्रा यांच्यात तेलाचा कागद घालून ठोकले आणि मग तो ओढून काढला, तर पात्याला हलण्यापुरती जागा उरते.

या तालुक्यांत आणखी एक परीक्षक असतो, पावसाळा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. वैशाखात सुळसुळीत मिटणाऱ्या चाकूचे लाकूड आषाढात फुगते आणि पात्याला चिमटीत धरते. फ्रान्सच्या सॅव्हॉयमध्ये १८९०च्या सुमारास जोसेफ ओपिनेलने घडवलेला लाकडी मुठीचा चाकू जगभर गेला, पण ओला झाला की तो आजही अडतो. इथल्या कारागिराने खैर किंवा साग नीट मुरवून घ्यावा, तेल पाजावे आणि फट पावसाचा हिशेब करून ठेवावी.

हा पावसाळाच चाकूच्या कामाचा हंगाम आहे. जून ते ऑगस्टमध्ये रोपवाटिकांत आंब्याची कोयकलमे बांधली जातात. तांबूस कोवळ्या पानांचे रोप वरून छाटायचे, दांड्याला मधोमध उभी चीर द्यायची, कलमकाडीची पाचर तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पाचरीचा काप एका हातात, एका दमात जावा लागतो. धारेला डोळ्यांना न दिसणारा दाता असेल, तर काप गुळगुळीत राहत नाही, साल चिरडते, दोन्ही साली नीट भेटत नाहीत. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी शेजारच्या पिशव्यांतल्या काड्यांना फूट येते आणि ही काडी काळी पडलेली असते. मग माळी चाकू उघडतो, धार उजेडाकडे तिरपी धरतो आणि तो दाता शोधू लागतो.