बोल्ट किती आवळायचा?

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून एक फेरीबोट सुटते. सावित्रीची खाडी ओलांडून ती माणसांना व मोटारींना रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवीला पोचवते. अशा बोटीचे एंजिन सुरू झाले, की सारा पत्रा थरथरतो. मग एंजिन जखडून ठेवणारे बोल्ट ढिले का होत नाहीत? ते घट्ट आवळलेले असतात, असे तुम्ही म्हणाल. पण घट्ट म्हणजे किती?

नट फिरवला, की तो आट्यांवरून पुढे सरकतो आणि बोल्टाला ताणतो. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंगच! ताणलेला बोल्ट पुन्हा आखडू पाहतो आणि मधले भाग एकमेकांवर दाबून धरतो. या ताणाला आपण ‘पूर्वताण’ म्हणू. तो कमी पडला, तर हादऱ्यांनी भाग सरकतात, नट ढिला होतो किंवा बोल्ट थकून तुटतो. फार झाला, तर बोल्ट कायमचा लांबतो.

ताण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कारागीर टॉर्क पाना वापरतात. नटाला किती पीळ दिला, हे तो सांगतो. पण गंमत अशी, की आपल्या १०० भाग जोरापैकी सुमारे ५० भाग नटाखालच्या घर्षणात व ४० भाग आट्यांतील घर्षणात खर्च होतात. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० भाग!

१६ मिलिमीटर जाडीचा एक चांगल्या पोलादाचा बोल्ट घ्या. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला ४५ किलोग्रॅमचा जोर लावला, तर कोरड्या, स्वच्छ बोल्टात सुमारे ७,००० किलोग्रॅम ताण येतो. आता हाच जोर खाऱ्या हवेने गंजलेल्या आट्यांवर लावा. ताण ५,००० च्याही खाली राहील. आट्यांना तेल लावले, तर तोच ताण ९,००० च्या वर, म्हणजे बोल्टाच्या सुरक्षित मर्यादेच्या अगदी काठावर जाईल. पान्यावरचा आकडा मात्र तिन्ही वेळा एकच!

यावर उपाय कोणता? पहिला उपाय कोनाचा. भाग एकमेकांना नीट टेकेपर्यंत नट आवळायचा आणि मग ठरलेल्या अंशांतून फिरवायचा. या बोल्टाचा नट एका फेऱ्यात २ मिलिमीटर पुढे जातो. त्यामुळे घर्षण कितीही असले, तरी बोल्ट किती लांबला याचा अंदाज येतो.

दुसरा उपाय लांबीच मोजण्याचा. बोल्टाचा १०० मिलिमीटर भाग ७,००० किलोग्रॅमने ताणला, तर तो सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांइतका लांबतो. सूक्ष्ममापी किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरून ही वाढ मोजता येते. ही पद्धत सर्वांत अचूक, पण वेळखाऊ व महाग आहे.

तिसरा उपाय आपल्या लोहाराच्या ओळखीचा आहे. बैलगाडीच्या चाकावर तो लोखंडी धाव तापवून चढवतो. निवताना ती आकसून चाक आवळते. औष्णिक वीजकेंद्रांतील टर्बाइनचे मोठे बोल्टही असेच तापवून लांबवतात, नट हलकेच पुढे घेतात आणि बोल्ट निवू देतात. येथे पान्याला जोर लावावाच लागत नाही.

तेव्हा एखाद्या यंत्राच्या पुस्तिकेत पिळाचा आकडा दिसला, तर आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचे, हेही तेथे शोधा. त्यावाचून तो आकडा अपुरा आहे.