पॅरिसचा म्युझियम पास : यादी पाहून घेऊ नका, दिवस मोजून घ्या

टूर कंपनीशिवाय, सगळं स्वतः आखून युरोपला जाणारी मराठी कुटुंबं आता घरोघरी दिसतात. विमान आणि हॉटेल ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो : शहराचा पास काढायचा का? पॅरिसपुरता हा प्रश्न बहुधा ‘पॅरिस म्युझियम पास’चा असतो. ४८, ९६ आणि १४४ तास अशा तीन मुदतींत तो मिळतो आणि पन्नासहून अधिक संग्रहालयं व स्मारकं त्यात येतात. आधी जाऊन आलेले नातेवाईक ‘डोळे झाकून घ्या’ किंवा ‘पैसे वाया’ असा एका वाक्यात निकाल देतात. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि त्यापायी माणसं एक तर जास्तीचे पैसे घालवतात, नाहीतर सुट्टीभर धावत सुटतात. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

‘इतकी ठिकाणं आहेत, म्हणजे वसूल होणारच’

यादी कितीही लांब असली तरी दिवस तेवढाच असतो. लूव्र संग्रहालय नुसतं ओझरतं पाहायचं म्हटलं तरी अर्धा दिवस जातो. व्हर्साय पॅरिसच्या बाहेर आहे. लोकल गाडीने जाऊन राजवाडा, बागा आणि त्रिआनोंचे महाल पाहून परतेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणजे ४८ तासांच्या पासावर लूव्र आणि व्हर्साय केलं की उरतं काय? एखादं ऑर्से संग्रहालय आणि सेन नदीतल्या बेटावरचं सँत-शापेल चर्च, फार तर त्याला लागून असलेलं काँसिएर्जरी हे स्मारक. पन्नासांतली चार-पाच ठिकाणं. यात वाईट काही नाही, पण हिशेब या चार-पाचांवरच करायला हवा.

तो असा करावा. पास नसता तरी जिथे नक्की गेलो असतो, तेवढीच ठिकाणं कागदावर लिहायची आणि प्रत्येकासमोर आजचा तिकीटदर मांडायचा. ‘वेळ मिळाला तर बघू’ असं वाटणारी ठिकाणं बेरजेत धरायची नाहीत. बेरीज पासाच्या किमतीपेक्षा भरघोस जास्त आली तर पास घ्यावा. एकोणीस-वीसचा फरक असेल तर सुटी तिकिटंच बरी, कारण मग पाऊस आला किंवा आईचे पाय दुखले तर एखादं ठिकाण सोडून देताना जीव कासावीस होत नाही.

‘आजचा दर’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. लूव्रचं तिकीट २०२४च्या जानेवारीत १७ युरोंवरून २२ वर गेलं. जानेवारी २०२६पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांना, म्हणजे भारतातून जाणाऱ्या आपल्यालाही, ते ३२ युरोंना पडतं. व्हर्साय आणि सँत-शापेलनेही त्याच महिन्यात बाहेरच्या पाहुण्यांसाठी वेगळा, चढा दर लावला. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्यांचं गणित तेव्हा बरोबर असलं तरी आज चालणार नाही. मोठी स्मारकं पाहणाऱ्या भारतीयाच्या बाजूने पासाचं पारडं आता आधीपेक्षा जड झालं आहे. मात्र पासाची किंमतही बदलत असते. ती अधिकृत संकेतस्थळावरच पाहावी.

‘चौघांचे चार पास’

इथे कुटुंबांचे सर्वांत जास्त पैसे विनाकारण जातात. लूव्र, ऑर्से, व्हर्साय, सँत-शापेल, आर्क द त्रिऑम्फ या सगळ्या ठिकाणी १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. आई-बाबा आणि शाळकरी दोन मुलं असतील तर पासाचा विचार दोघांपुरताच करायचा. मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवायचे, आणि जिथे वेळ राखून ठेवावी लागते तिथे त्यांचीही शून्य युरोंची नोंदणी करायची.

१८ ते २५ वयाच्या तरुणांना लूव्र, व्हर्साय यांसारख्या ठिकाणी मोफत प्रवेश आहे तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्यांना. पुण्याहून गेलेल्या वीस वर्षांच्या मुलीला तिकीट लागेल. तिचाच जर्मनीत शिकणारा भाऊ तिथला रहिवासी परवाना दाखवून फुकट आत जाईल. त्याच्यासाठी पास काढू नका.

‘पास दाखवला की रांग नाही’

पासामुळे तिकीटखिडकीची रांग टळते. सामान तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच. शिवाय लूव्र, सँत-शापेल, ओरांजरी संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा इथे पास असला तरी आधी ऑनलाइन वेळ राखावी लागते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, पण मे-जूनच्या गर्दीत सोयीच्या वेळा बऱ्याच आधी संपतात. म्हणून क्रम उलटा ठेवावा : हव्या त्या तारखांना वेळा शिल्लक आहेत का हे आधी पाहावं, मगच पासाचे पैसे भरावेत.

आणखी एक, पासावर प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश मिळतो. आज लूव्रचा एक भाग, उद्या दुसरा, असा बेत चालत नाही.

‘४८ तास म्हणजे दोन दिवस’

या पासाचं घड्याळ पहिल्या प्रवेशापासून सुरू होतं आणि तास मोजतं. बुधवारी दुपारी दोनला सुरुवात केली तर शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत तो चालतो, म्हणजे तीन तारखांना वापरता येतो. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असल्याने बुधवारची दुपार सुरुवातीला फार सोयीची. लंडन पासाचं मात्र उलट आहे. तिथे कॅलेंडरचे दिवस मोजतात, त्यामुळे दुपारी सुरू केलेला पास त्या दिवसाची सकाळ गमावतो.

वारही पाहावा लागतो. लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. रविवारी दुपारी पास सुरू केला तर मुदतीचा मोठा भाग बंद दारांत अडकतो.

‘सगळं पॅरिस त्यात आलं’

आलं नाही. आयफेल टॉवर या पासात नाही. भूमिगत कॅटकोम्ब्स नाहीत, सेन नदीतली बोटीची फेरी नाही, मेट्रो-बसही नाही. व्हर्सायच्या बागांत संगीत-कारंज्यांचा कार्यक्रम असेल त्या दिवशी बागांचं तिकीट वेगळं. दुसऱ्या बाजूला, डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये जायला पैसेच लागत नाहीत. पॅरिस महापालिकेच्या कार्नाव्हाले आणि पती पाले या संग्रहालयांचे कायमचे संग्रहही विनामूल्य आहेत. शहराचा इतिहास सांगणारं कार्नाव्हाले तर अवश्य पाहावं असं मी आग्रहाने सांगेन.

इतर शहरांतही हेच तपासावं. रोमच्या ‘रोमा पासा’त व्हॅटिकनची संग्रहालयं येत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या सिटी कार्डात व्हॅन गॉग संग्रहालय २०२२पासून नाही, आणि ॲन फ्रँकचं घरही नाही. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी ही तर मुळात मोफतच आहेत.

मग घ्यावा का?

पॅरिसमध्ये दोनच दिवस असतील आणि मनात आयफेल, नदीतली बोट आणि लूव्र एवढंच असेल, तर घेऊ नये. चार-पाच दिवस असतील, लूव्र, व्हर्साय, सँत-शापेल, ऑर्से मनापासून पाहायचं असेल, तर मोठ्यांसाठी ९६ तासांचा पास मला योग्य वाटतो. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी कार्यक्रमात प्रवेशतिकिटं धरली आहेत का, हे बुकिंगच्या वेळी लेखी विचारून घ्यावं. धरली असतील तर पासाची गरज नाही.