शाळेतील मुलांची सुरक्षितता : ऐकणाऱ्याचे कर्तव्य

प्राथमिक शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की कुंपण, स्वच्छतागृहाचे दार आणि अलीकडे भिंतीवरील कॅमेरा यांचीच चर्चा होते. या सोयी आवश्यक आहेतच. परंतु लहान मुलावर ओढवलेला प्रसंग बहुधा त्याने कोणाला तरी काही सांगितल्यामुळेच उघडकीस येतो. हे सांगणेही सरळ नसते. "पोट दुखते", "मला शाळेत जायचे नाही", "ते काका वाईट आहेत" असे काहीतरी तुटक मूल बोलते. ते प्रथम ऐकणारी व्यक्ती काय करते, यावर पुढील सारे अवलंबून असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेतील शिशुवर्गाच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. मुलींनी घरी सांगितले होते. गुन्हा नोंदविण्यास मात्र विलंब झाला. २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या शासन निर्णयात कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांविषयी सूचना आहेत. अनुचित प्रकार घडल्यास शिक्षणाधिकाऱ्यांना चोवीस तासांत कळवावे, असेही त्यात नमूद आहे.

येथे एक गैरसमज संभवतो. वरिष्ठांना अहवाल पाठविला म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाच्या कलम १९ नुसार, असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. खातरजमा करणे हे पोलिसांचे काम. शिक्षकाने पुरावा गोळा करेपर्यंत थांबणे अपेक्षित नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. गावाचे नाव जाईल म्हणून चार प्रतिष्ठितांनी बसून प्रकरण 'मिटविणे' हा समजूतदारपणा नव्हे, अपराध आहे. पंचायत सदस्यांनी हे विशेषत्वाने ध्यानी घ्यावे.

मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारू नये. प्रथम मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, नंतर समिती अशा फेऱ्यांत मूल गोंधळते व गप्प होते. कायद्याने पोलिसांवरही बंधने घातली आहेत : मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. पोलिसांना जे लागू, त्याहून अधिक कठोर चौकशी शाळेने का करावी?

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी भ्रमणध्वनी, म्हणजे सर्वांच्या बोलीतला मोबाईल, मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, मोबाईल तेथेच राहिला. खेळता खेळता अनोळखी माणूस बोलू लागतो, छायाचित्र मागतो, मग ते सर्वांना दाखविण्याची धमकी देतो. मूल हे सांगत नाही, कारण मोबाईल काढून घेतला जाईल व वर मार बसेल, ही भीती. अशा वेळी पालकांनी संदेश पुसून टाकू नयेत. तो पुरावा असतो. जपून राहण्याचा इशारा म्हणूनही ते चित्र गटावर पुढे पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७-ख खाली बालकांविषयीची अश्लील सामग्री प्रसारित करणे हाही गुन्हाच आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर अशी तक्रार नाव न देताही करता येते. शिक्षकांनीही मुलांची छायाचित्रे नाव, वर्ग व शाळेसह सर्वत्र प्रसिद्ध करण्याचा उत्साह आवरावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

मूल बोलते करण्याचा पाया मात्र वर्गातच पडतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली ती उगीच नव्हे. उत्तर चुकले म्हणून ज्या गुरुजींनी छडी उगारली, त्यांच्याजवळ मूल मनातले कसे बोलेल? शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. जूनमधील पहिल्याच बैठकीत, शाळेत कोणाला सांगायचे हे मुलांना नावानिशी कळविण्याचा ठराव करता येईल. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांकही लिहिला जावा; मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे, तर पाण्याच्या टाकीजवळ, पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.