भावना बोथट, आठवण तीक्ष्ण

समजा, माहीमच्या एका चाळीतला तिशीतला मुलगा कोकेनचे व्यसन सोडवण्यासाठी तीन महिने केंद्रात राहून घरी आला. आईने त्याच्या आवडीचे बोंबील तळले, बहिणीने रजा टाकली. तो जेवला; पण चेहऱ्यावर काही उमटले नाही. आठवड्याने जुन्या मित्राचा फोन आला आणि त्याच चेहऱ्यावर तरतरी आली. ‘आमच्यापेक्षा त्याला ती पूड प्यारी,’ असे आईला वाटले. तिचे दुःख खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

कोकेन मुंबईला नवे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ते विड्याच्या पानातून खाल्ले जाई. दिल्लीच्या ‘एम्स’च्या 2019 मधील राष्ट्रीय अहवालानुसार देशात सुमारे 10.7 लाख लोक कोकेन घेतात.

आनंदाच्या क्षणी मेंदूतील पेशी डोपामिन सोडतात आणि काम झाले की परत शोषून घेतात. कोकेन हे शोषणे अडवते. डोपामिन साचत जाते आणि ‘याहून महत्त्वाचे काही नाही’ अशी नोंद मेंदू करतो. जुन्या व्यसनींच्या मेंदूत डोपामिनचा संदेश घेणारे डी-2 ग्राही कमी आढळतात. मग रोजच्या जगण्यातल्या साध्या सुखांचा संदेश क्षीण होतो.

माणसांच्या बाबतीतही हेच घडते. समोरच्याने डोळ्याला डोळा भिडवला की मेंदूतील आनंदाशी निगडित भाग जागा होतो. कोकेन घेणाऱ्यांमध्ये हा प्रतिसाद कमी असल्याचे झुरिचमधील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले. ज्यांचा प्रतिसाद कमी, त्यांचा गोतावळाही लहान होता.

व्यसनाच्या खुणांबाबत मात्र उलटे होते. फिलाडेल्फियातील संशोधकांनी 2008 मध्ये 22 रुग्णांना कोकेनशी संबंधित चित्रे फक्त 33 मिलिसेकंद दाखवली. चित्र दिसल्याचे त्यांना कळलेही नाही. तरी अमिग्डाला या भावनांशी निगडित भागासह मेंदूचा भावनिक पट्टा जागा झाला. म्हणजे स्टेशनबाहेरचा ओळखीचा कोपरा किंवा मित्राचा आवाज विचाराच्या आधीच ओढ लावू शकतो. घरातले कडाक्याचे भांडणही हेच करते.

म्हणून ‘आईची शपथ घे’ हा उपचार नव्हे. जुने नंबर काढून टाकणे, येण्याजाण्याची वाट बदलणे, पगाराच्या दिवशी सोबत कुणीतरी असणे, याचा उपयोग जास्त. कोकेनची ओढ थांबवणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. समुपदेशन आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटे बक्षीस, या पद्धतींचा फायदा दिसला आहे. पाय पुन्हा घसरला तर ओरडण्यात दिवस न घालवता डॉक्टर गाठावा. छातीत दुखले तर तातडीने रुग्णालयात न्यावे. कोकेनमुळे तरुण वयातही हृदयविकाराचा झटका येतो.

माहीमकरांना मदत दूर नाही. खाडीपलीकडे वांद्र्यात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. शीव आणि परळच्या महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

कोकेन कमी केलेल्यांची स्मरणशक्ती वर्षभरात काही अंशी सुधारल्याचेही झुरिचच्याच संशोधकांना आढळले. मेंदू सावरतो, पण त्याला महिने लागतात. तोवर आईने बोंबील तळत राहावे आणि त्याच्या कोऱ्या चेहऱ्यावरून त्याच्या मायेचे माप काढू नये.