रॉकी पर्वतातील दोघांचे लग्न : नियोजनाची रीत

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत लग्नाचा एक लहान प्रकार चांगलाच रुळला आहे. वधू-वर, फार तर दहा-बारा जवळची माणसे आणि एक छायाचित्रकार एवढीच मंडळी एखाद्या राष्ट्रीय उद्यानातील तळ्याकाठी किंवा कुरणाच्या कडेला जमतात, अर्ध्या तासाच्या आत विधी आटोपतात आणि जागा होती तशी सोडून निघतात. या लग्नाला तेथे ‘एलोपमेंट’ म्हणतात, आणि त्यात आईवडील सोबत असणे आता नवलाचे राहिलेले नाही. माणसे कमी म्हणजे काम कमी, असा समज या प्रकाराविषयी सर्रास आढळतो. प्रत्यक्षात मोठ्या लग्नातील पुष्कळशा चुका गर्दीत, पंगतीत आणि नातेवाइकांच्या गप्पांत विरून जातात, तर येथे सारा दिवस एका तासावर तोललेला असल्यामुळे तो तास चुकला की सावरून घ्यायला कोणी उरत नाही. म्हणूनच अशा लग्नाच्या नियोजकाचा बहुतेक वेळ पाहुण्यांची सरबराई ठरवण्यात न जाता एका जागेचा उजेड, वारा, उंची आणि नियम यांच्या अभ्यासात जातो.

कोलोरॅडो राज्यातील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान हे या अभ्यासाचे उत्तम उदाहरण आहे. २६ जानेवारी १९१५ रोजी स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र सुमारे १,०७५ चौरस किलोमीटर असून त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग वृक्षरेषेच्या वर, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढू शकत नाहीत तिच्याही वर आहे. पूर्वेच्या पायथ्याशी असलेले एस्टेस पार्क हे गाव सुमारे २,२९० मीटर उंचीवर वसले आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ते साडेसहाशे मीटरने उंच, आणि तरीही उद्यानाच्या दृष्टीने ते केवळ तळ होय. उद्यानातून जाणारा ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो आणि बर्फामुळे साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत बंद राहतो. वर्षाकाठी या उद्यानात चाळीस लाखांच्या आसपास लोक येतात, आणि एकांतात लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यालाही याच लोकांमधून वाट काढावी लागते.

पहिले काम परवान्याचे. उद्यानात लग्न करायचे तर, मंडळी दोनच असली तरी, ‘विशेष वापर परवाना’ घ्यावा लागतो. त्याचे शुल्क अलीकडच्या वर्षांत ३०० डॉलर आहे. परवाने मोजकेच दिले जात असल्याने हव्या त्या महिन्यासाठी कित्येक महिने आधी अर्ज करणे भाग पडते. विधी कोठेही करता येत नाही, तर उद्यानाने नेमून दिलेल्या ठिकाणांपैकी एक निवडावे लागते. स्प्रेग लेक, लिली लेक, मोरेन पार्कचे खुले प्रेक्षागृह आणि रस्त्याच्या वळणावरचा ‘थ्री एम कर्व्ह’ नावाचा खडकाळ कट्टा ही त्यांपैकी काही. प्रत्येक ठिकाणी किती माणसे आणि किती गाड्या चालतील हे ठरलेले असते. परवाना मिळाला म्हणजे जागा आपली झाली, असे मात्र होत नाही. तळ्याभोवती फिरणाऱ्यांना, गळ टाकून बसलेल्यांना किंवा तिवई लावून पहाटेची वाट पाहणाऱ्या छायाचित्रकारांना बाजूला होण्यास सांगण्याचा कोणताही अधिकार त्याने मिळत नाही. ही अट जोडप्यांना प्रथम खटकते, परंतु ती न्याय्य आहे: सार्वजनिक भूमीवर काही जणांचा आनंद इतरांच्या हक्काला कात्री लावून साजरा होऊ नये, एवढेच तिचे म्हणणे आहे. चांगला नियोजक तिच्याशी वाद घालत बसत नाही. तो आठवड्यातील मधला वार आणि दिवसाची पहिली घटका निवडतो.

ही घटका ठरवण्याची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. स्प्रेग लेक हे सुमारे २,६५० मीटर उंचीवरील उथळ तळे विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅबनर स्प्रेग या वसाहतकाराने आपल्या निवासगृहातील पाहुण्यांच्या मासेमारीसाठी बांध घालून तयार केले. त्याच्याभोवती जेमतेम पाऊण किलोमीटरची सपाट वाट आहे, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतील आजीलाही तेथे नेता येते. तळ्याच्या पूर्वेकडच्या काठावर उभे राहिले की समोर पश्चिमेला हॅलेट आणि फ्लॅटटॉप ही शिखरे दिसतात. ती ज्या रांगेत आहेत ती खंडाची जलविभाजक रेषा होय, म्हणजे तिच्या एका उतारावरचे पाणी पॅसिफिक महासागराकडे आणि दुसऱ्या उतारावरचे अटलांटिककडे वाहते. सूर्य पाठीमागून उगवत असल्यामुळे त्याचा पहिला तांबूस प्रकाश आधी शिखरांच्या माथ्यावर पडतो, तेथून हळूहळू खाली सरकतो आणि तळ्याकाठी उभ्या माणसांच्या चेहऱ्यावर बऱ्याच उशिरा पोचतो. या मधल्या वेळात चेहऱ्यांवर सावल्या नसतात, पाणी सहसा स्थिर असते आणि शिखरांचे प्रतिबिंब अखंड दिसते. म्हणून विधीचा मुहूर्त नेमका याच वेळात धरला जातो. जूनच्या मध्यात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होत असल्याने वधूची वेणीफणी रात्री अडीच-तीनला सुरू करावी लागते, आणि ही गोष्ट जोडप्याला महिनाभर आधी स्पष्ट शब्दांत सांगणे हा नियोजकाच्या कामाचा भाग आहे. संध्याकाळी विधी ठेवणाऱ्यांची निराळी फसगत होते. छापील कोष्टकातील सूर्यास्त सपाट क्षितिज गृहीत धरतो. येथे पश्चिमेला भिंतीसारखी रांग असल्यामुळे तळ्यावरचे ऊन त्या वेळेच्या पुष्कळ आधी नाहीसे होते. त्यासाठी जागेवर जाऊन, शक्यतो त्याच ऋतूत, सावली किती वाजता कोणत्या काठावर पोचते हे पाहून लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

ऋतूंचे गणितही असेच सूक्ष्म आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग जमून गडगडाटासह पाऊस पडण्याचा क्रम असतो, आणि वृक्षरेषेवरील उघड्या माळावर माणूस हीच सर्वांत उंच वस्तू ठरत असल्याने विजेचा धोका खरा असतो. या महिन्यांत दुपारी तीनचा विधी सुचवणारा नियोजक आपले काम जाणत नाही, असेच म्हणावे लागेल. सप्टेंबरच्या उत्तरार्धात अ‍ॅस्पेन वृक्षांची पाने सोनेरी होतात, आणि त्याच सुमारास एल्क या मोठ्या हरणांचा माजाचा काळ चालू असतो. नरांची लांब शिटीसारखी हाक कुरणभर ऐकू येते, गर्दी वाढते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही कुरणे संध्याकाळपासून सकाळपर्यंत पायी जाण्यास बंद ठेवली जातात. एल्कपासून किमान २३ मीटर आणि मूस व अस्वलांपासून ३६ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. कळप विधीच्या जागेवर येऊन उभा राहिला तर लग्नाने थांबायचे असते. हिवाळ्यात गर्दी ओसरते, पण वारा इतका जोराचा असतो की ओढणी, पदर आणि सुट्या कागदावर लिहिलेली वचने यांचा भरवसा धरता येत नाही. वचनांसाठी जाड पुठ्ठ्याच्या दोन लहान वह्या द्याव्यात, फोनवर विसंबू नये, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, असा या क्षेत्रातील सरावाचा सल्ला आहे.

प्रवेशाची व्यवस्था हा आणखी एक धागा. २०२० पासून मे अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या हंगामात ‘टाइम्ड एंट्री’ म्हणजे वेळ नेमून दिलेल्या प्रवेशाची पद्धत सुरू झाली, आणि स्प्रेग लेक ज्या रस्त्यावर आहे त्या बेअर लेक रस्त्यासाठी वेगळे आरक्षण लागते. लग्नानंतर मंडळींना दिवसभर उद्यानात फिरायचे असेल, तर प्रत्येक गाडीची ही सोय आधीच पाहावी लागते; शक्य तेथे सर्वांना एकाच मोठ्या गाडीत बसवणे हा सर्वांत सुटसुटीत उपाय ठरतो.

काय करता येत नाही, याची यादी लांब आहे. तांदूळ, पक्ष्यांचे दाणे, फुलांच्या पाकळ्या किंवा रंगीत कागदाचे कपटे उधळणे, फुगे, फुलपाखरे सोडणे, ध्वनिवर्धक लावणे आणि ड्रोन उडवणे या सर्वांना मनाई आहे. यामागची कारणे समजून घेतली की मनाई जाचक वाटत नाही. माणसाने टाकलेले अन्न खाण्याची सवय लागलेले प्राणी स्वतःचे अन्न शोधणे सोडून रस्त्यावर आणि वाहनतळावर येऊ लागतात, बाहेरचे बी रुजले तर स्थानिक वनस्पतींची जागा घेते, आणि गोळा करता येणार नाही इतके बारीक असे जे काही सांडेल ते तेथेच राहते. वृक्षरेषेवरील टुंड्रामध्ये तर नुसते पाऊल पडणेही महाग पडते. ही बोटभर उंचीची वनस्पती वर्षातील मोजक्याच आठवड्यांत वाढते. बीट्रिस विलार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रेल रिज रोडलगत कुंपण घातलेल्या तुकड्यांचे दीर्घकाळ निरीक्षण करून दाखवून दिले की, तुडवलेला टुंड्रा भरून येण्यास अनेक दशके, काही ठिकाणी त्याहूनही पुष्कळ अधिक काळ लागतो. एका छायाचित्रासाठी वाट सोडून चार पावले आत जाण्याची विनंती जो नियोजक ठामपणे नाकारतो, तोच या डोंगरावर लग्न लावण्यास लायक आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी जोडपीही अशा लग्नाचा विचार करतात तेव्हा याच यादीपाशी प्रथम अडखळतात, कारण अक्षता हे तांदूळच आहेत आणि होमासाठी अग्नी लागतो. त्यावर तोडगा निघू शकतो, आणि तो विधीचे दोन भाग करण्यात आहे. होम, सप्तपदी आणि अक्षतारोपण एस्टेस पार्कमध्ये भाड्याने घेतलेल्या घरी, घरमालकाची परवानगी घेऊन उरकावे किंवा पुढे नातेवाइकांसमवेत करावे. तळ्याकाठी अंतरपाट धरावा, मंगलाष्टके ध्वनिवर्धकाविना खड्या आवाजात म्हणावीत आणि हार घालावेत. अंतरपाटाला दोन माणसे आणि एक वस्त्र एवढेच लागते, आणि घडी करून नेल्यावर त्याची कोणतीही खूण मागे राहत नाही. हार मात्र पाकळ्या न गळणारे, घट्ट गुंफलेले हवेत, आणि ते घरी परत न्यायचे असतात. शेकडो पाहुण्यांच्या गलबल्यात जो अंतरपाट क्षणभर दिसून नाहीसा होतो, त्याला अशा शांततेत जे वजन येते ते मोठ्या मांडवात क्वचितच अनुभवास येते.

शरीराचा विचार पुष्कळ नियोजक उशिरा करतात. समुद्रसपाटीवरून विमानाने डेन्व्हरला उतरून त्याच दिवशी तीन हजार मीटरच्या वर गेलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे हा त्रास होऊ शकतो, कारण हवेचा दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू घटतो. म्हणून लग्नाआधी एक-दोन रात्री डेन्व्हर किंवा एस्टेस पार्क येथे काढाव्यात, पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे आणि वृद्धांसाठी खालच्या उंचीवरील जागा निवडावी. कपड्यांच्या बाबतीत लोकरीचा आतला थर, पकड असलेले बूट आणि विधीपर्यंत अंगावर राहणारे जाड जाकीट हे रेशमी साडीइतकेच लग्नाच्या पोशाखाचे भाग मानावेत. पहाटे जूनमध्येही तापमान गोठणबिंदूच्या जवळ असू शकते.

कायद्याची बाजू कोलोरॅडोत विलक्षण सोपी आहे, आणि हे राज्य अशा लग्नांसाठी निवडले जाण्याचे ते मोठे कारण आहे. कोणत्याही काउंटीच्या, म्हणजे जिल्हासदृश प्रशासकीय विभागाच्या, क्लार्कच्या कार्यालयात ओळखपत्र आणि ३० डॉलर देऊन विवाह परवाना त्याच दिवशी मिळतो. त्यासाठी राज्याचे रहिवासी असावे लागत नाही, प्रतीक्षाकाळ नाही, आणि साक्षीदारांचीही सक्ती नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे वधू-वरांना स्वतःचे लग्न स्वतः लावता येते. पुरोहित, पाद्री किंवा न्यायाधीश यांच्यावाचून दोघांच्या सह्यांनी विवाह पूर्ण होतो. भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक ठळक होतो. तथापि मध्यस्थाशिवाय, परस्परांना दिलेल्या वचनांनी लग्न सिद्ध होते, हा विचार मराठी वाचकाला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना लग्ने लावली, तेव्हा त्यांचा गाभा वधू-वरांच्या प्रतिज्ञा हाच होता. तेथे तो जातिवर्चस्वाविरुद्धचा लढा होता आणि येथे ती कायद्याने दिलेली सोय आहे, हा भेद मोठा असला, तरी दोन्हीकडे उच्चारलेल्या शब्दांवरचा भार सारखाच आहे, आणि म्हणून वचने लिहिण्यास जोडप्याला पुरेसा वेळ देणे हे नियोजनाचे गौण अंग समजू नये.

पर्यायी योजना परवाना मिळताच आखली जाते. रस्ता बंद झाला, वणव्याचा धूर पसरला किंवा वादळ आले, तर विधी कोठे करायचा, ते किती वाजता ठरवायचे आणि सर्वांना कोण कळवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी असावी लागतात, कारण उद्यानाच्या बऱ्याच भागात मोबाइलला संपर्क मिळत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ईस्ट ट्रबलसम नावाचा वणवा पश्चिमेकडून जलविभाजक रेषा ओलांडून पूर्व उतारावर आला आणि एस्टेस पार्क गाव रिकामे करावे लागले. अशा वेळी जवळच्या दुसऱ्या जागेचा उपयोग होत नाही, तर दुसरी तारीखच हाताशी असावी लागते.

विधीनंतरचे काम थोडे, पण विसरण्याजोगे नाही. विवाह परवाना दिल्यापासून ३५ दिवसांच्या आत वापरावा लागतो, आणि सह्या केलेला कागद विधीनंतर ६३ दिवसांच्या आत क्लार्कच्या कार्यालयात परत पोचवावा लागतो. पुरोहित नसल्यामुळे ही जबाबदारी जोडप्यावरच येते. नोंद झाल्यावर प्रमाणित प्रती दोन-तीन तरी मागवाव्यात, कारण पासपोर्ट, व्हिसा आणि विमा यांसाठी त्या वेगवेगळ्या ठिकाणी द्याव्या लागतात. भारतातील कचेऱ्यांत दाखवायची प्रत असेल, तर तिच्यावर कोलोरॅडोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून ‘अपोस्टिल’, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार दस्तऐवज खरा असल्याचे प्रमाणपत्र, लावून घ्यावे. हे काम अमेरिकेत असतानाच उरकणे सोयीचे असते.