प्रभागाचा कौल

स्थानिक निवडणुकीचा निकाल लागला की विजयी पक्ष त्यात आपल्या संपूर्ण कारभारावरचा विश्वास पाहतो. पराभूत पक्ष तोच निकाल गल्लीबोळांपुरता ठरवतो. दोघांच्या म्हणण्यात तथ्य किती, हे दिल्लीच्या उदाहरणावरून समजते.

२०१५ साली आम आदमी पक्षाने दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा जिंकल्या. दोनच वर्षांनी तेथील तिन्ही महानगरपालिका भारतीय जनता पक्षाने राखल्या. मात्र २०२० च्या विधानसभेत त्याच्या वाट्याला ८ जागा आल्या. २०२२ मध्ये तीन महापालिकांची एक झाली आणि आम आदमी पक्षाने २५० पैकी १३४ प्रभाग जिंकले. पुढे २०२५ मध्ये विधानसभेच्या ४८ जागा मिळाल्या त्या भाजपला! कचरा, गटारे आणि रस्त्यावरचे दिवे यांसाठी दिलेले मत राज्यकारभारासाठीही असते, असे मुळीच नाही.

मग पक्ष एवढी धडपड का करतात? नगरसेवक हा मतदाराच्या दारापर्यंत पोहोचणारा पक्षाचा माणूस असतो. २०२२ च्या पराभवातही भाजपकडे १०४ प्रभाग होते. विजयाच्या गजरात अशी संख्या सहज नजरेआड होते. शिवाय दिल्लीच्या नगरसेवकांना पक्षांतरबंदी कायदा लागू नाही. काही नगरसेवकांनी पक्ष बदलले, सभागृहातील बळ पालटले आणि एप्रिल २०२५ मध्ये महापौरपद भाजपकडे गेले. महापालिकेची सार्वत्रिक निवडणूक मात्र मध्यंतरी झालेली नव्हती.